'बघू'ची चादर

धाकटीने तीन चादरी अंथरल्या आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं.

चादरी थोरलीच्याच होत्या. तिनेच धुऊन, घडी घालून कपाटात ठेवलेल्या. काढण्याआधी धाकटीने रीतसर विचारलंही होतं, "वहिनी, घेऊ ना?" आणि थोरली "घे की, त्यात काय" म्हणाली होती. तरी दुखायचं ते दुखलंच. बावीस वर्षं या घराचा केर आपण काढला, आणि आता घर आवरायला माणूस आलं ते बाहेरून. तेही कोण, तर धाकटी जाऊ. आणि सगळे तिच्याभोवती अशा कौतुकाने उभे, जणू या घरात आजवर झाडू कोणी पाहिलाच नव्हता.

"नीट ऐका," धाकटी म्हणाली. "पांढरी चादर 'राहील'. निळी चादर 'जाईल'. आणि ही चौकड्यांची, ही 'बघू'. ज्याचं ठरत नाही ते हिच्यावर. मी एकदा मोठ्याने विचारणार, हे कोणाचं? चार वाजेपर्यंत कोणी उचललं नाही तर निळीवर. मग कुरकुर करायची नाही."

"अगदी बरोबर," ताई म्हणाली. ताई म्हणजे या दोघींची नणंद. औषधाच्या दुकानात काउंटर सांभाळणारी, आणि दुकानात बसून सगळ्यांना हो म्हणायची सवय लागलेली. "दोन महिन्यांपूर्वी हिने माझं स्वयंपाकघर आवरलं. अजून तसंच आहे, बरं का. डोळे मिटून हात घातला तरी मिठाचा डबा हातात येतो."

मिठाच्या डब्याची ही कथा थोरलीने या महिन्यात चौथ्यांदा ऐकली.

"आमच्याकडे मीठ डोळे उघडे ठेवून घेतात," ती म्हणाली.

थोरला तेवढा हसला. तिचा नवराच तो, पण तेव्हा कपाट सरकवायला वाकलेला होता, त्यामुळे ते हसू कपाटाखालीच राहिलं.

हे सगळं घडलं आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, गुडघ्यामुळे. डॉक्टरांनी जिना बंद केला, तेव्हा वरच्या खोलीतून आईंना खाली आणायचं ठरलं, आणि खाली मोकळी म्हणावी अशी एकच खोली होती, मधली. ती मोकळी मुळीच नव्हती. तिथे थोरलीचं शिलाईचं मशीन होतं, कापायचं टेबल होतं, चिंध्यांची तीन पोती, दांडीवर टांगलेले अर्धे शिवलेले कोट, आणि दारातून थेट आत येणारी गिऱ्हाइकं. रविवारच्या आत ही खोली आईंची व्हायला हवी होती. धाकटी लोकांची घरं आवरून देते, तोच तिचा धंदा, तेव्हा तिला बोलवा, असं ताईने सुचवलं आणि आईंनी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचं थोरलीला फार लागलं. मला नाही विचारलंत, असं ती आईंना म्हणाली नाही, पण दोन दिवस चहा पुढ्यात ठेवताना कप जरा जोरात ठेवत होती.

आई स्वतः मधल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. दुखरा पाय स्टुलावर, हात मांडीवर. त्या काही बोलत नव्हत्या, बघत होत्या.

बाराच्या सुमारास थोरली स्वयंपाकघरात चहा गाळत असताना धाकटीचा आवाज आला. ती कपाटाशेजारी शिडीवर चढली होती.

"हे गाठोडं कोणाचं? वरच्या कोपऱ्यात होतं. आत नुसते जुन्या वर्तमानपत्राचे कागद आहेत. धुळीने माखलंय. वर्षभर कोणाचा हात लागलेला दिसत नाही."

थोरलीच्या हातातली गाळणी थांबली.

त्या गाठोड्याला घरात 'मापं' म्हणत. शाळेच्या गणवेशाचं प्रत्येक माप त्यात होतं, पाच वर्षांच्या पोरापासून दाढी फुटलेल्यापर्यंत. कोटांच्या बाह्या होत्या, कॉलरी होत्या. आणि आईंनी स्वतः काढलेला मुंढा होता. मुंढा म्हणजे खांद्याखालचा तो वळसा, जिथे बाही जोडतात. बहुतेक शिंप्यांचा मुंढा काखेत ओढतो, हात वर केला की अख्खा कोट वर येतो. आईंच्या मुंढ्याचा कोट जागचा हलत नसे. गिऱ्हाइकं लांबून त्यासाठीच यायची आणि थोरलीच्या हाताची तारीफ करून जायची. शाळा सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी गाठोडं खाली उतरायचं, म्हणजे याच आठवड्यात.

आणि ही विचारते, कोणाचं!

हिच्या अंगावरचा कामाचा कोट याच कागदांवरून बेतलेला. हिच्या नवऱ्याच्या शाळेच्या चड्ड्या याच कागदांवरून. 'वहिनी, हे तुमचं ना' एवढं म्हणायला जीभ झिजली असती का? थोरलीचा नुसता संताप झाला. "माझं आहे" एवढे दोन शब्द ओठांशी आले होते, ते तिने चहाबरोबर गाळून टाकले.

ती ट्रे घेऊन बाहेर आली. गाठोडं चौकड्यांच्या चादरीवर पडलं होतं. फडक्याच्या एका बाजूला आईंनी कधीकाळी शाईने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मापं'. ती बाजू आता वर आली होती. धाकटी शिडीवर पाठमोरी, ताई डब्यांची झाकणं जुळवण्यात दंग. थोरली ट्रे ठेवायला वाकली आणि वाकल्या वाकल्या तिने गाठोडं उलटं केलं. अक्षर खाली गेलं.

चार वाजता, सगळ्यांसमोर ते उचलायचं, असं तिने ठरवलं. अगदी गोड आवाजात म्हणायचं, "बाई गं, हे गेलं असतं तर अर्धी शाळा उघडी फिरली असती." मग ताईचं तोंड बघायचं. मिठाचा डबा सापडणं वेगळं आणि घर ठाऊक असणं वेगळं, हे एकदा सगळ्यांना कळू दे.

चहा फार छान झालाय, असं धाकटी म्हणाली. थोरली हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू.

*

धाकटीला या घरात काम करणं जड जात होतं, आणि ते कोणाला कळू न देणं त्याहून जड.

परक्यांच्या घरात ती सरसर फिरायची. इथे प्रत्येक फळी उघडताना तिला स्वतःचं लग्न होऊन आल्याचे दिवस आठवत. दोन बॅगा घेऊन ती आली होती. त्या बॅगांतलं सामान ठेवायला या घरात एक फळी रिकामी नव्हती. "ठेव गं सध्या पलंगाखाली, करू जागा," असं थोरली म्हणाली होती. वाईट हेतूने नाही, कामाच्या गडबडीत. ती जागा तीन वर्षांत झाली नाही. बॅगा पलंगाखालीच राहिल्या आणि तिथूनच उचलून ती आणि तिचा नवरा वेगळे राहायला गेले. तेव्हापासून तिला भरलेल्या फळ्या बघवत नाहीत. लोक याला तिची कला म्हणतात, छापून आणतात, पैसे देतात.

तिचं स्वतःचं घर स्वच्छ होतं. इतकं, की कोणी आलं तर उभंच राहायचं. आणि इथे बघा. दिवसभरात सात माणसं फाटकाशी येऊन "वहिनी आहेत का" करून गेली. आई थोरलीबद्दल बोलताना 'आमची' म्हणतात आणि आपल्याबद्दल 'ती'. मशीनच्या ड्रॉवरमध्येसुद्धा सुयांच्या पुडीशेजारी आईंच्या गोळ्यांची पुडी होती. दोघींचे आजार, चष्मे, दोरे सगळे एकमेकांत गुंतलेले. धाकटीने ड्रॉवर तसाच बंद केला आणि जळफळत खिडकी पुसली.

तिच्या खिशात एक कागद होता. तीन संध्याकाळी खपून तिने मधल्या खोलीचा नकाशा काढला होता. टेबल भिंतीला बिजागरीने लावायचं म्हणजे वापर झाला की मिटेल. पलंग आतल्या भिंतीशी. आणि मशीन खिडकीपाशी, आहे तिथेच. ते सगळ्यात आधी काढलं होतं तिने. मशीन वर हलवा, असं ताई सुचवत होती. वर हलवलं तर गिऱ्हाईक जिना चढणार नाही, हे धाकटीला न सांगता कळत होतं. आवरून झालं की कागद थोरलीला दाखवायचा, असं तिच्या मनात होतं. थोरली कदाचित म्हणेल, "डोकं आहे हो तुला." एवढ्या एका वाक्यासाठी ती दोन दिवस धूळ खात होती.

सव्वातीनला ती आणि थोरला वरची खोली रिकामी करून आईंची गादी उतरवायला गेले. तेव्हाच फाटकाशी एक बाई मुलीला घेऊन आली आणि थोरली तिथे अडकली. ही बाई फिटिंगला आली की अर्ध्या तासाची निश्चिंती. आणि तेव्हाच, चारला बोलावलेला रद्दीवाला पाऊण तास आधी टेम्पो घेऊन मागच्या दाराशी उभा राहिला.

*

"कुठे गेलं?" थोरली म्हणाली.

चौकड्यांची चादर रिकामी होती. चार वाजायला पाच मिनिटं होती.

"काय कुठे गेलं?" ताईने विचारलं.

"गाठोडं. इथलं. मापं!"

ताईला मघाचा टेम्पो आठवला. रद्दीवाला घाई करत होता, निळी चादर त्याच्या टेम्पोत रिकामी झाली होती, आणि 'आता काय बघायचं राहिलंय' म्हणून 'बघू'ची चादरही तिनेच चार टोकं धरून दिली होती. आपण किती झटपट काम उरकलं, असं धाकटीने म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती. गाठोडं तिने पाहिलं होतं. मळकं फडकं. त्याच्यावर काही लिहिलेलं दिसलं नाही.

"अगं, तू दिलंस ना ते?" ताई धाकटीकडे वळून म्हणाली. तोंडातून ते कसं निघालं, तिचं तिलाच कळलं नाही.

धाकटी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर गादीचं टोक धरून उभी होती. रद्दीवाला आला होता हेसुद्धा तिला आत्ताच कळत होतं. तिने ताईकडे पाहिलं. ताईने नजर वळवली. आता ही खरं सांगणार, असं ताईला वाटलं.

"चादरी मी अंथरल्या, नियम माझा," धाकटी हळू म्हणाली. "वहिनी, काय होतं त्यात?"

"काय होतं विचारते!" ताईला एकदम जोर चढला. सुटका झाली की माणसाला जोर चढतोच. "आमच्या आईची उभ्या जन्माची मापं होती त्यात! वहिनीची रोजीरोटी! शाळा तीन आठवड्यांवर आल्या. दुसऱ्याच्या घरात असं बिनधास्त उचलून द्यायचं?"

"मी विचारलं होतं. मोठ्याने. बारा वाजता."

"ती स्वयंपाकघरात होती! तिला कसं ऐकू जाणार? काय गं वहिनी, ऐकू आलं होतं तुला?"

सगळे थोरलीकडे बघत होते. तिचा नवरा, ताई, धाकटी. दारातल्या खुर्चीतून आईसुद्धा.

"स्टोव्हचा आवाज होता," थोरली म्हणाली.

थोरल्याने गादी तिथेच टाकली आणि स्कूटर काढून रद्दीच्या गोदामाकडे गेला. लिफ्टदुरुस्ती करणारा माणूस, वाटेल त्या खड्ड्यात उतरायची सवय. पण अर्ध्या तासाने रिकाम्या हाताने आला. टेम्पो थेट कागद दाबायच्या मशीनखाली ओतला होता, दाबून त्याचे पलंगाएवढे गठ्ठे झाले होते. "आत हात घालू देत नाहीत," तो म्हणाला आणि बुटांकडे बघत बसला.

धाकटी रडली. तोंड न झाकता, लहान मुलीसारखी उभ्या उभ्या रडली. "मी भरून देईन" म्हणाली, मग काय भरून देणार हे तिलाच उमगेना. ताईने थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला, तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "बावीस वर्षं हिने हे घर सांभाळलं," ताई धाकटीला सुनावत होती, "आणि तू दोन दिवसांत..."

हेच ऐकायला थोरली बावीस वर्षं थांबली होती. शब्द न् शब्द हाच. आणि आता तो कानावर पडत असताना तिच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येत होती, तो वळसा. टेबलावर कोरा कागद पसरून पेन्सिल धरली तर तो मुंढा आपल्याला काढता येणार नाही. बावीस वर्षं तिने तो गिरवला होता. काढला कधीच नव्हता. हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं.

*

साडेपाचला ताई तोंड धुवायला मोरीवर गेली, थोरला स्वयंपाकघरात कपाट जागेवर सरकवत होता, आणि धाकटी पुढच्या खोलीत आपलं सामान भरत होती. मधल्या खोलीत आई आणि थोरली दोघीच राहिल्या.

"गाठोडं उलटं कोणी केलं?" आईंनी विचारलं.

थोरली चिंध्यांचं पोतं बांधत होती. ती बांधतच राहिली.

"मी इथेच बसले होते," आई म्हणाल्या. "ट्रे ठेवताना."

"मग बोलला का नाहीत?" थोरली एकदम भडकली. भीती वाटली की ती भडकायची. "एक शब्द बोलला असतात! रद्दीवाला आला तेव्हाही तुम्ही इथेच होतात ना? धाकटी तर गादीसाठी वर होती, ताईंनीच चादर उचललेली दिसली असेल ना तुम्हाला?"

"दिसली."

"मग?"

आईंनी दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर नीट ठेवला.

"मागच्या वर्षी ती शाळेतली बाई आली होती," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर उभं राहून मलाच म्हणाली, तुमच्या सुनेसारखा मुंढा कोणाला जमत नाही. तू आत टाके घालत होतीस. ऐकलंस. काही बोलली नाहीस."

थोरलीने पोत्याची गाठ पुन्हा आवळली.

"मशीन माझं होतं. खिडकी माझी होती. लोक माझं नाव घेऊन फाटकाशी यायचे. हात थरथरायला लागला म्हणून तुला दिलं सगळं, आनंदाने दिलं. पण आज ते गाठोडं चादरीवर पडलं, तू त्याच्यावरचं माझं अक्षर खाली केलंस, आणि माझ्या मनात आलं, जाऊ दे. बघू दे हिला एकदा त्याच्याशिवाय. सुनेवर जळते मी. या वयात. लाज वाटते सांगायला."

थोरली पोत्यावरच बसली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि आपल्यासारखंच दुसऱ्या कोणाचं पोट दुखतं हे कळून जरा बरंही वाटत होतं. त्याचीही तिला लाज वाटली.

"मुंढा मला काढता येत नाही, आई," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. कागद पुसट झाले की त्यावरूनच नवे करायचीस. माझी चूक होती एकात, तीसुद्धा उतरवायचीस." आईंनी भिंतीकडे हात केला. "टेप घे. मी सांगते तसं काढ. पण आधी तिला सांग. मी नाही सांगणार, ते तुझं आहे. आणि हे घे. तिच्या खिशातून पडलं मघाशी, रडताना."

नकाशा होता. थोरलीला नकाशे फारसे कळत नसत. पण खिडकीपाशी काढलेलं मशीन तिने लगेच ओळखलं. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'वहिनींचा उजेड डावीकडून.'

*

धाकटी चादरी झटकून घडी घालत होती. पांढरी झाली होती, निळी झाली होती. चौकड्यांची हातात होती.

"थांब जरा," थोरली म्हणाली. तिच्या गळ्यात टेप होता, कानावर पेन्सिल. "सरळ उभी राहा. नवी मापं करायची आहेत, तुझ्यापासून सुरू करते."

"मी निघते, वहिनी. उगाच आणखी काही..."

"हात बाजूला कर."

धाकटीने हात बाजूला पसरले. चादर एका हातात लोंबत राहिली. थोरली तिच्या पाठीमागे गेली. माप घेताना मागे जावंच लागतं, आणि तिथे तोंड दिसत नाही.

"गाठोडं मी उलटं केलं होतं," ती म्हणाली.

टेपचं टोक तिने धाकटीच्या खांद्यावर टेकवलं.

"तू विचारलंस तेव्हा मला ऐकू आलं होतं. स्टोव्ह बंद होता. चार वाजता सगळ्यांसमोर उचलून तुला तोंडघशी पाडायचं होतं मला." टेप तिने खांद्यावरून काखेखाली घेतला.

"सैल धर तिथे!" मधल्या खोलीतून आई ओरडल्या. "मुंढ्याला आवळायचं नसतं!"

थोरलीने टेप सैल केला. धाकटीचा श्वास जोरात चालला होता, तो टेपमधून बोटांना कळत होता.

"मी रडत होते," धाकटी म्हणाली. "सगळ्यांसमोर. तुम्ही खुर्चीवर बसून पाणी पीत होतात."

"हो."

"का? काय केलं होतं मी तुमचं?"

"तू विचारलंस, हे कोणाचं. तुला माहीत असायला हवं होतं, असं वाटलं मला."

"मला कसं माहीत असणार?" धाकटीचा आवाज फुटला. "तीन वर्षं राहिले मी इथे. कधी कोणी मला ते गाठोडं सोडून दाखवलं? माझ्या बॅगा पलंगाखाली होत्या, वहिनी. पलंगाखाली."

त्या बॅगा थोरलीला आत्ता, इतक्या वर्षांनी दिसल्या. केर काढताना ती त्या रोज सरकवायची. तिने खिशातला नकाशा काढला आणि पुढे येऊन धाकटीच्या पसरलेल्या मोकळ्या हातात ठेवला.

"उजेड डावीकडून," ती म्हणाली. "बरोबर लिहिलंयस."

धाकटीने नकाशाकडे पाहिलं, मग थोरलीकडे. डोळे लाल होते, पण नजर नरम नव्हती.

"ताईंनी मला सगळ्यांसमोर सुनावलं," ती म्हणाली. "तुम्ही पाठीमागून हळूच सांगताय."

मोरीवरचा नळ बंद झाला. ताई टॉवेलने तोंड पुसत स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक धाकटीबद्दलच. आत थोरला कपाट सरकवत होता. थोरलीने एकदा मधल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आज दुपारी त्या दारात उभं राहून सगळ्यांनी तिच्याकडे 'बिचारी' म्हणून पाहिलं होतं. पुन्हा तसं पाहणार नव्हते.

टेप धाकटीच्या खांद्यावर तसाच होता. थोरलीने त्याचं टोक सोडलं नाही.

"ताई," तिने मोठ्याने हाक मारली. "जरा इकडे या. आणि अहो, तुम्हीपण या. मला काही सांगायचंय."